कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी सूचना

अभिनंदन. वार्षिक सभेत ‘कुणीतरी पुढे या’ असं म्हटल्याबरोबर सगळे मोबाइलमध्ये बघू लागले आणि तुम्ही मान वर केलीत. याला बिनविरोध निवड म्हणतात. मुदत पाच वर्षं. पुढील सूचना नीट वाचा.

१. पद ओळखा. अध्यक्ष पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढतो. खजिनदार चेकवर सही करतो. टँकर, लिफ्टची एएमसी, वॉचमनची झोप आणि बी-विंगमधलं मांजर हे सचिवाकडे असतं. तुम्ही सचिव आहात.

२. आदर्श उपविधींचं पुस्तक वाचा. बिल्डिंगमध्ये ते वाचणारे तुम्ही पहिलेच. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तळमजल्यावरचे काका विचारतील, “मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मग पैसे कसले?” त्यांना पान उघडून दाखवा. ते म्हणतील, “हा नियम केला कुणी?” यावर पुस्तकात काही नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. वरचे पैसे ‘देणगी’ म्हणून घेऊ, असं सुचवणारा सभासद प्रत्येक कमिटीत एक असतो. त्याच्याशेजारी बसू नका.

३. गळतीला घाबरू नका. ३०२ च्या बाथरूमच्या छताला पिवळा डाग पडतो, मग पोपडे, मग थेंब बादलीत. ४०२ म्हणतात, “आमच्या टाइल्स दिवाळीत बदलल्यात.” गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाइपातून पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा, घरातल्या घरात मुरत असेल तर त्या सभासदांचा. म्हणून दोन्ही घरं एका रात्रीत जिवलग होतात आणि पाइपाकडे बोट दाखवतात. प्लंबर नहाणी तुंबवून, रंगीत पाणी सोडून दुसऱ्या दिवशी निकाल देतो. तो निकाल लेखी घ्या.

४. पार्किंग. जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी लहान मुलाकडून उचलून घ्यावी. ते मूल तुमचं नसावं.

५. थकबाकीदाराचं पाणी तोडायचा विचारही करू नका. नोटिसा पाठवा, मग कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. तोवर हे गृहस्थ सभेत पहिल्या रांगेत बसून ऑडिटवर सर्वांत जास्त प्रश्न विचारतील. उत्तरं द्या; तो त्यांचा हक्क आहे.

६. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्या, नोटीस १४ दिवस आधी लावा. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांत जे कमी असेल ते. नोटिशीत दहाची वेळ लिहा, म्हणजे दहाला कुणी येणार नाही. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करा. नोटिशीत तशी सोय केली असेल तर ती थोड्या वेळाने त्याच जागी भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. हे सर्वांना ठाऊक असल्याने सामोसे साडेदहाचेच मागवावेत. कायद्याने सोसायटीत सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा. हे सर्वोच्च अधिकारी सामोसे संपले की उठतात आणि उरलेले विषय ‘कमिटीवर सोपवण्यात आले’ असं इतिवृत्तात लिहायला तुम्ही उरता. सूचक, अनुमोदकांची नावं मात्र तिथल्या तिथे विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी कुणी कबूल होत नाही.

७. राजीनामा. तो जरूर द्यावा. पण काम अद्ययावत करून, इतिवृत्तं, ‘आय’ आणि ‘जे’ रजिस्टर, भागपत्रांच्या फाइली असं सगळं दप्तर सुपूर्द केल्याशिवाय कमिटीला तो मंजूर करता येत नाही. आणि सुपूर्द करायला समोर कुणीतरी घेणारं लागतं. ते मिळेपर्यंत पंपाची मोटर सकाळी सहाला चालू करून पावणेसातला बंद करावी.