पत्रिकेच्या मागची यादी

काय व वहिनी, भाऊ सकाळपासून फाईल घेऊन हिंडू राह्यले? मामंजींची वारस नोंद का? अन् एजंट किती मागतो? पाच हजार! अगं माय, तेवढ्यात केळीची टिश्यूची रोपं आली असती.

आमचे सासरे गेले तेव्हा एजंटाला रुपया दिला नाही. मृत्यूचा दाखला, आठ-अ, रेशनकार्ड अन् सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. पोरानं मोबाइलवर ई-हक्कला अर्ज भरला, चुलीपाशी बसून. तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण जिभेला सवय नाही) फेरफार धरला, नोटीस काढली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. तुम्हाला दोन महिने झाले ना? तीन महिन्यांत कळवायचं असतं, उरका. शेजारी बुलढाण्यात तर लोकांचे आजे-पणजे सातबाऱ्यावर जिवंतच होते! ती ‘जिवंत सातबारा’ मोहीम तिथूनच निघाली, अन् 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर झाली.

पण वकील कुठं लागतो ते ऐका. बँकेतल्या ठेवीला थोरले दीर नॉमिनी आहेत ना? बँक पैसे त्यांच्या हातात देईल, पण म्हणून ते मालक होत नाहीत, वारस सगळेच. आणि नॉमिनी नसला, रक्कम मोठी असली, की कोर्टाचा कागद मागतात. वारस दाखल्याचा कायदा तर 1827 चा, एल्फिन्स्टन साहेबाच्या वेळचा! तिथं आपण काय वाचणार, बाप्पा?

अन् हक्कसोड तर घरी लिहूच नका. आमची नणंद सुरतेहून राखीला आली, दिरांनी पैठणी नेसवली, अन् पुरणपोळीचं ताट समोर असताना स्टॅम्पपेपरवर सही घेतली. तिला सांगितलं, विहिरीच्या मोटारीचं आहे. तलाठ्यानं कागद परत केला. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं लागतं. नणंदेला कळलं, ती तडक वकिलाकडे. 2005 पासून लेकीचा हिस्सा लेकाइतकाच, हे तिला आमच्याआधी ठाऊक. केळी कटाईला आली, व्यापारी दारात, अन् पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे यावरून भांडण. एजंटाचे वाचवलेले सगळे तारखांत गेले, वर भाऊबीज बंद. आधीच वकिलाला सल्ल्याची फी दिली असती तर! मी म्हटलं होतं, पण सुनेचं कोण ऐकतं?

दाखवा बरं तुमची यादी. लग्नपत्रिकेच्या मागं लिहिली? सासूबाई, थोरले दीर, भाऊ, धाकटे दीर... अन् बऱ्हाणपूरच्या ताई कुठंयत? त्या काही मागत नाहीत? मागत नाहीत म्हणून वारस नाहीत का व? थांबा, पेन आणते. तेवढी शेळी हाकला, पत्रिकेचा कोपरा खाऊ राह्यली.