शांततेसाठी राखीव निधी

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे, कोळशावर गबर झालेल्या डेव्हिस घराण्याच्या देणगीतून आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातील पहिले अध्यासन, म्हणजे राखीव निधीवर चालणारे प्राध्यापकपद, स्थापन झाले. युद्धाची कारणे वर्गात नीट शिकवली की राष्ट्रे शहाणी होतील, अशी त्यामागे श्रद्धा होती. ज्या अमेरिकी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव या अध्यासनाला लाभले, त्यांना युद्धे टाळण्यासाठी उभारलेल्या राष्ट्रसंघाची महती स्वतःच्या देशाच्या सिनेटलाही पटवता आली नाही, ही बाब अभ्यासक्रमाच्या आड आली नाही. १९३६ मध्ये या पदावर आलेल्या ई. एच. कार यांनी १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी, ग्रंथ लिहून या श्रद्धेची स्वप्नाळूपणा म्हणून संभावना केली आणि नीतीआधी सत्तेचे गणित मांडणारा वास्तववाद पुढे केला. देणगीदारांच्या पैशांवर त्यांचीच हजेरी घेण्याची ही मुभा विद्यापीठांचे खरे वैभव मानावी लागेल. पुढे नववास्तववाद, नवउदारमतवाद असे वाद वाढत गेले, आणि युद्ध थांबवता आले नाही तरी ते झाल्यावर त्यांपैकी एखादा तरी खरा ठरावा, एवढी तजवीज या विद्याशाखेने चोख करून ठेवली आहे.