एका मिनिटात डॉक्टर

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की गावोगावच्या चौकांत फलक चढतात. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली गुण. प्रवेशाची पहिली फेरी व्हायची आहे, पण कोट आधीच मिळालाय. एकच मुलगी तीन क्लासच्या फलकांवर हसत असते. एकाकडे ती दोन वर्षं शिकली, दुसऱ्याकडे टेस्ट सिरीज दिली, तिसऱ्याकडे बहुधा फी विचारायला गेली होती.

फी विचारायला जाताना फोटो काढू देऊ नये, एवढं तरी फाउंडेशनमध्ये शिकवा.

हो, फाउंडेशन. तयारी अकरावीला सुरू होते असं अजून काही भोळे पालक मानतात. जाणकार मंडळी आठवीतच नाव घालतात. आठवीतल्या पोराला विचारा, डॉक्टर का व्हायचंय? तो बाबांकडे बघतो. बाबा फीच्या पावतीकडे बघतात.

परीक्षा साधी आहे. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. उत्तर बरोबर आलं तर चार, चुकलं तर वजा एक. निम्मे प्रश्न बायोचे, उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे. एका प्रश्नाला एक मिनिट; त्यातच वाचायचं, आठवायचं, आकडेमोड करायची आणि गोल काळा करायचा. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत पेशंटच्या वाट्याला साधारण तेवढाच वेळ येतो. तेव्हा प्रशिक्षण अगदीच वाया जातं असं म्हणता येणार नाही.

आणि अकरावी-बारावीचं कॉलेज? ते असतं ना, कागदावर. 'टाय-अप' नावाची सोय आहे. मूल क्लासमध्ये, हजेरी कॉलेजात. टायट्रेशन न करता जर्नलमध्ये रीडिंग तंतोतंत येतं, वर प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी गुण. पेशंटला न तपासता केसपेपर भरणारे डॉक्टर कुठून येतात, असा प्रश्न पुढे कुणी विचारू नये.

आमच्याकडे या धंद्याची राजधानी लातूर. एकेकाळी 'लातूर पॅटर्न' म्हटलं की बोर्डाची गुणवत्ता यादी आठवायची. बोर्डाने यादी बंद केली. पॅटर्न कशाला बंद होईल? तो नीटकडे वळला. आता तिथे क्लास आहेत, त्यांच्याभोवती हॉस्टेलं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सवाले. कित्येक घरांत आई मुलासोबत लातूरला खोली घेऊन राहते आणि बाबा गावाकडे एकटे डबा लावून जेवतात. परीक्षा मुलाची, ड्रॉप सगळ्या घराचा.

2024च्या पेपरफुटीचा तपासही फिरत फिरत लातूरपर्यंत पोचला होता. राजधानी म्हटल्यावर पाहुणे येणारच.

त्या वर्षाचं आणखी एक प्रकरण तर क्लासच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. सगळे सर एकच मंत्र देतात: एनसीईआरटी ओळ न् ओळ पाठ करा. पोरांनी केली. पेपरात अणूंवर प्रश्न आला. जुन्या आवृत्तीत लिहिलं होतं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात. मग रेडियमचं काय, असं कुणीतरी विचारलं असावं. नव्या आवृत्तीत 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली. ज्यांच्याकडे ताईचं किंवा दादाचं जुनं पुस्तक होतं, त्यांनी जुनं उत्तर लिहिलं. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीने उदारपणे दोन्ही उत्तरं बरोबर धरली. 67 जणांना 720 पैकी 720 मिळाले. त्यातल्या 44 जणांचे पूर्ण गुण या एका उदारपणावर उभे होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी सांगितलं की उत्तर एकच बरोबर, नव्या आवृत्तीतलं. चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण एका झटक्यात गेले. सुधारित निकालात पैकीच्या पैकीवाले उरले 17.

ज्या देशात अणू स्थिर आहेत की नाहीत हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय लागतं, तिथे पाठांतराची शपथ घेतलेल्या पोराने कुणाकडे दाद मागायची?

बरं, परीक्षेच्या दिवशी बुद्धीआधी चपला तपासतात. बूट नको, लांब बाह्या नकोत, दागिने नकोत. कारण आहे. 2015 साली मेडिकल प्रवेशाच्या तेव्हाच्या परीक्षेत, एआयपीएमटीत, काही बहाद्दर बनियनमध्ये यंत्रं शिवून आले होते, आणि न्यायालयाने देशभरातली परीक्षा रद्द करून सहा लाखांवर मुलांना पुन्हा बसवलं. तेव्हापासून पोरांच्या बाह्या आखूड झाल्या. पेपर फोडणाऱ्यांचे हात होते तेवढेच लांब राहिले.

या सगळ्यात मुलाला माणसाशी बोलता येतं का, रक्त बघून चक्कर येते का, रडणाऱ्या नातेवाइकापुढे उभं राहता येतं का, हे कोण तपासतं?

कुणीच नाही. अभ्यासक्रमात नाही ना ते.

ब्रिटनमध्ये मेडिकलला जायचं तर यूकॅट नावाची चाचणी असते. तिच्या एका भागात प्रसंग देतात: सहकारी चुकला, पेशंट घाबरला, अशा वेळी काय करणं योग्य? छान कल्पना आहे. तिचेही क्लास निघालेत. कळवळ्याचीही मॉक टेस्ट देता येते, तीही घड्याळ लावून.

इकडे वयाची कमाल अट 2022 मध्ये उठली, प्रयत्नांनाही मर्यादा नाही. म्हणजे रिपीटर कितीही वेळा रिपीट होऊ शकतो. क्लासवाल्यांनी यावर पेढे वाटले नसतील, असं मानायला मी तयार नाही.

एका गुणाने हजारो पोरं मागे ढकलणारी ही यंत्रणा कडक आहे, असा आपला समज असतो. तर मग 2023 आठवा. पीजीच्या नीटला जागा रिकाम्या राहू लागल्या आणि पात्रतेचा कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. शून्य! परीक्षेला बसलात, हीच पात्रता. खाली दारात एका गुणासाठी रडारड आणि वरच्या मजल्यावर 'या, बसा'.

त्या रिकाम्या जागांपैकी बऱ्याचशा होत्या अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्री असल्या विषयांच्या. ज्यात प्रॅक्टिस नाही, पैसा नाही, नुसतं शिकवायचं असतं. उद्या एमबीबीएसच्या पोरांना शिकवायला माणूसच नसेल, अशी चिंता काहींना वाटते.

कशाला? तेव्हाही टाय-अप होईल की.