निवडा काहीही, मंगळवार सोडून

भौतिकशास्त्राच्या जोडीला संगीत शिकता येईल! २०२०चं शैक्षणिक धोरण आल्यापासून व्यासपीठांवरून हे ठरलेलं उदाहरण ऐकू येतं. (संगीताचा विभाग असलेली विज्ञान महाविद्यालयं आपल्या जिल्ह्यात किती, असा प्रश्न सभेत विचारू नये. चहापानाला उशीर होतो.)

प्रवेश घेतलेल्या पोराची गाठ मात्र धोरणाशी पडत नाही, वेळापत्रकाशी पडते. जिन्याखालच्या फलकावर ए-फोरचे चार कागद सेलोटेपने जोडून ते लावलेलं असतं. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस अशी चौकटीमागून चौकट. मंगळवार, ११.२०च्या चौकटीत तिरकी रेघ. रेघेवर अर्थशास्त्र मेजर, रेघेखाली मानसशास्त्र मायनर. खोली क्रमांक १४, दोघांनाही. तळाशी पेनाने लिहिलंय, 'बदल होऊ शकतो'. पोरगं विभागप्रमुखांकडे जातं. ते म्हणतात, ‘‘मायनर बदल की.’’

निवडीचं स्वातंत्र्य एवढंच. वेळापत्रकात बसेल ती आवड.

हिशोब तसा सरळ आहे. सत्राला २० ते २२ क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. म्हणजे २२ पैकी ६ क्रेडिट प्रॅक्टिकलची धरली, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २८ तास. सहा दिवसांत बसतात, अगदी आरामात. फक्त त्याच इमारतीत अर्धा दिवस ज्युनिअर कॉलेज भरतं, प्रयोगशाळा एकच आहे, आणि मानसशास्त्राच्या मॅडम तासिका तत्त्वावर असल्याने मंगळवार-गुरुवारच येतात. इतर दिवशी त्या दुसऱ्या कॉलेजात असतात. तिथेही तासिका तत्त्वावरच.

शिवाय राज्याच्या आराखड्यात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यायचं आहे. हेतू उत्तम. कलाशाखेच्या मुलीने वाणिज्य शिकावं, कुणाची ना असेल? पण वाणिज्यची बॅच सकाळी सातला भरते आणि गावाकडची पहिली एसटी स्टँडवर लागते पावणेनऊला. मग ती मुलगी ‘निवडते’ ते साडेदहाला जे काही असेल ते. गुणपत्रिकेवर त्याला बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणतात. या मुलीचं ओई विद्यापीठाने ठरवलं नाही आणि प्राचार्यांनीही नाही, आगारप्रमुखांनी ठरवलं.

ज्यांना एका मेजरने भागत नाही, त्यांच्यासाठी डबल मेजरही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार दुसऱ्या मेजरची किमान ४० टक्के क्रेडिट मिळवायची. तीन वर्षांच्या १२० क्रेडिटच्या पदवीत ती होतात ४८. कागदावर देखणं दिसतं. प्रत्यक्षात दोन विभागांनी एकमेकांना विचारून तास लावावे लागतात, आणि या दोन विभागांचं बोलणं मागच्या स्नेहसंमेलनापासून बंद आहे.

दोष वेळापत्रक समितीचा म्हणावा, तर तिची दया येते. समितीत तीन प्राध्यापक. त्यातले दोघे नावापुरते. तिसरे सर जूनमध्ये एक्सेल उघडून बसतात. एक तास हलवला की तीन आदळतात. शिक्षक, वर्ग आणि वेळ यांची अशी मोट बांधणं गणिती अर्थाने महाकठीण आहे, हे शिमॉन इव्हन, अलोन इटाई आणि आदी शमीर यांनी १९७६ सालीच सिद्ध केलंय. तेव्हा मायनर, ओई, आयकेएस यातलं काही नव्हतं आणि मानसशास्त्राच्या मॅडमही नव्हत्या. आपल्याकडे हेच कोडं परीक्षेचे पेपर तपासता तपासता, मानधनाशिवाय सोडवायचं असतं. आडातच नाही, तर त्या सरांच्या पोहऱ्यात कुठून येणार? खोल्या तेवढ्याच, कायम जागा रिकाम्या. वाढल्या फक्त चौकटी.

एप्रिल २०२२मध्ये आयोगाने आणखी दरियादिली दाखवली. दोन पदव्या एकाच वेळी, दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायला मोकळीक दिली. अट एकच, दोन्हींचे तास एकमेकांवर येता कामा नयेत. इथे एकाच पदवीतले तास एकमेकांवर आलेत, त्याचं काय करायचं ते कुणाला विचारावं?

तोवर यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी गुळगुळीत माहितीपुस्तिकेवर पैसे घालवू नयेत. ऑफिसच्या खिडकीशी जाऊन आधी वेळापत्रक मागावं. ‘‘अजून लागायचंय,’’ असं आतून सांगतील. विषय बदलायची मुदत संपल्यावर लागतं ते.