मु. पो. नॉर्वे

पुतणीच्या लग्नाच्या दोनशे बारा पत्रिका वाटायचं काम दादानं माझ्या गळ्यात घातलं, कारण मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि दिवसभर फ्रिज उघडून आत बघत होतो. "तालमीतली दोन पोरं मोटारसायकली घेऊन येतील, तू फक्त कुठं जायचं ते सांग." कुठं जायचं हे वहिनीनंही भाजी निवडता निवडता सांगितलं असतं. पण भाच्यानं माझ्या लॅपटॉपवर नकाशाचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं आणि ते मला स्वस्थ बसू देईना. इकडून पत्ते घालायचे, तिकडून अक्षांश-रेखांश पडतात, शेवयांच्या यंत्रासारखे! याला जिओकोडिंग म्हणतात, हे मी हिला चहा गाळताना सांगितलं. ती म्हणाली, "गाळणं सरळ धरा."

दोन रात्री जागून पत्ते टाइप केले. कोल्हापूर साधारण 16.7 अक्षांशावर आणि 74.2 रेखांशावर आहे. नकाशावर चढवताना मी दोन्ही रकाने उलटे दिले आणि मंगळवार पेठ, शाहूपुरी, दादाचे सगळे व्याही नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडले, पांढऱ्या अस्वलांच्या मुलखाजवळ. मावशीला संधिवात आहे. तिला ती हवा सोसली नसती.

ते निस्तरलं, तर घरनंबरांनी घोळ घातला. या विद्येचं मूळ गृहीतक अमेरिकेतलं आहे. तिथल्या जनगणना खात्यानं 1990च्या शिरगणतीसाठी जे नकाशे केले, त्यांत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला नंबरांची हद्द दिलेली होती : डावीकडे 101 ते 199 विषम, उजवीकडे 100 ते 198 सम. मग 150 नंबरचं घर कुठं? उजव्या अंगाला, तुकड्याच्या मध्यावर. घर न बघता सापडतं! मी हरखून आमच्या रस्त्यांनाही अशाच हद्दी लावल्या. पण आमचे नंबर सिटी सर्व्हेचे, म्हणजे रस्त्याचे नव्हे, जमिनीचे. त्यात तीन भावांच्या वाटण्या झाल्या की एका नंबराला अ, ब, क अशी शेपटं फुटतात, आणि ए वॉर्डात जो नंबर, तोच बी वॉर्डातही असतो. मी वॉर्डाचा रकानाच गाळला होता. जागा वाचावी म्हणून. राजारामपुरीची सातवी गल्ली तर यंत्रानं घर नंबर सात म्हणून नेली, आणि 'पापाच्या तिकटीजवळ, पिठाच्या गिरणीमागं, वरचा मजला' यावर ते इतका वेळ गरगरत राहिलं, की मला त्याला पाणी विचारावंसं वाटलं.

ज्यांचं काहीच जुळलं नाही अशा अडतीस जणांना त्यानं गंगावेशीत एकाच ठिपक्यावर रचलं. मला वाटलं, एकत्र कुटुंब असेल.

तो नकाशा देऊन पोरांना धाडलं. अर्ध्या तासानं एकाचा फोन. "काका, हितं दूध कट्टा हाय. म्हशी हाईत. अडतीस पत्रिका कुणाला देऊ?" मागून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. मी म्हणालो, थांब, बघतो; आणि चष्मा शोधू लागलो. चष्मा मिळेपर्यंत दोघांनी दोन-दोन ग्लास फेसाळ दूध माझ्या नावावर पिऊन घेतलं होतं.

शेवटी हिनं गठ्ठा मागवून घेतला, पदर खोचला आणि प्रत्येक पाकिटाच्या मागं बॉलपेननं खुणा केल्या : 'जिना बाहेरून', 'कुत्रं आहे, हाक मारा', 'सून दार उघडेल, सासूच्याच हातात द्या.' अडतीसच्या अडतीस तिन्हीसांजेच्या आत पोचल्या.

मला तेवढ्यात दुसऱ्या पोराचा फोन आला. तो माझ्याच नकाशावर फिरत होता.

"काका, एक ऱ्हायलीया. ठिपका रंकाळ्यात दावतोय. नुसतं पाणी हाय."

"नाव वाच."

त्यानं वाचलं. नाव माझं होतं.