मा. तांत्रिक कारण यांस

मा. तांत्रिक कारण,
मुक्काम : देशातले सर्व विमानतळ, एसटी आगारं आणि विजेची कार्यालयं.



आपली-आमची ओळख जुनी. महाडच्या स्टँडवर ‘तांत्रिक कारणामुळे पाचाड गाडी सुटणार नाही’ असं कानावर पडलं की आम्ही नातेकर मुकाट्याने पिशव्या उचलतो आणि मिनीडोर शोधतो. कुरकुर नाही. आमच्या गावाचं नावच नाते. आपल्याशीही ते निभावत आलो.

पण आपण विमानतळावरही असता आणि तिथे इंग्रजीत बोलता, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

झालं असं. दिल्लीला नातीचं बारसं होतं. रात्री बाराला नात्याहून निघालो. हायवेचे खड्डे मोजत, खांदे शेकत पहाटे मुंबईच्या विमानतळावर पोहोचलो, तिथे पट्टा काढून, चपला काढून एकदाचे आत बसलो. खिडकीची जागा. पट्टा कसा लावायचा, शिट्टी कुठे असते, पाण्यात पडलात तर काय करायचं, हे सगळं त्या मुलीने हातवारे करून शिकवलं. विमान मागे सरकायला लागलं. दहा-पंधरा हात गेलं असेल. मग एक ‘कर्रर्र’ असा आवाज, डबा रुळावर बसल्यासारखा धक्का, आणि सगळं गप्प.

माझ्या खिडकीतून पंख दिसत होता आणि पंखाच्या टोकाला टेकलेली चाकांची शिडीही दिसत होती. खाली माणसं जमली. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. पिवळ्या जाकिटातला एक पोरगा मात्र हातात टोपी घेऊन वेगळा उभा होता.

आणि आपण अवतरलात. “तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे.”

मी त्या मुलीला म्हटलं, “बाळ, शिडी लागलीय.”

ती म्हणाली, “काका, तांत्रिक कारण आहे.”

“मला दिसतेय ना शिडी!”

“हो काका. पाणी देऊ?”

साडेतीन तास. त्यातले पावणेदोन जागेवर पट्टा लावून, वातानुकूलन बंद. नातीचं नाव तिच्या कानात कुर्रर्र झालं तेव्हा मी टर्मिनलच्या लोखंडी खुर्चीवर मोबाइलमध्ये डोळे घालून होतो आणि चित्र अडकत होतं. तेही बहुधा आपणच.

आता मला एक सांगा. विमान फलाटापासून स्वतःच्या बळावर मागे येत नाही. टग नावाचा बुटका ट्रॅक्टर त्याला ढकलतो. मागे काय आहे ते पायलटला दिसत नाही. पंखांचा पसारा सुमारे 35 मीटर, म्हणजे तीन एसट्या एकामागे एक लावल्या तर जेमतेम भरेल. म्हणून दोन्ही पंखांच्या टोकाशी एकेक माणूस चालायचा असतो आणि पुढे कानाला यंत्र लावलेला एक जण पायलटशी बोलत असतो. माझ्या बाजूच्या पंखाखाली माणूस नव्हता. मी खिडकीत होतो, मी सांगतो. नव्हता.

महाड आगारात गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो. पत्र्यावर थापा मारतो, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!” त्या ‘बस्स’ला ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडतो. पगार थकला तरी शिट्टी थकत नाही. पाचाडच्या गाडीला जे मिळतं ते कोट्यवधींच्या विमानाला मिळू नये? एक माणूस! एक शिट्टी!

आपल्या इतर उद्योगांची थोडी माहिती मीही काढली. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर 16 मे 2024 रोजी दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टीकडे जाताना टगला धडकलं. आत सुमारे 180 माणसं. त्याच लोहगावला 15 फेब्रुवारी 2020 रोजी विमान उड्डाणासाठी सुसाट सुटलेलं असताना पायलटला समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान वेळेआधीच उचललं, शेपटी जमिनीला घासली, आणि तसंच दिल्लीला नेऊन उतरवलं. त्या जीपला तांत्रिक भाषेत काय म्हणतात? जानेवारी 2022 मध्ये मुंबईत जामनगरच्या विमानाजवळ टगच पेटला; नशिबाने कोणाला काही झालं नाही. जानेवारी 2024 मध्ये तर मुंबईच्या विमानतळावर विमानाशेजारी जमिनीवर पंगतच बसली. गोव्याहून दिल्लीला निघालेले, मुंबईला वळवलेले वैतागलेले प्रवासी तिथेच जेवले आणि इंडिगोला 1.20 कोटींचा दंड बसला. पंगतीला मी हसणार नाही. साडेतीन तासांनी मीही बसलो असतो.



लोकांना वाटतं धोका वर असतो. विमानवाहतुकीच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात आकाशात झालाच नाही. 27 मार्च 1977, टेनेरिफ बेटाचा विमानतळ, दाट धुकं. एक जंबो विमान धावपट्टीवरून हळूहळू चाललेलं असतानाच दुसऱ्याने त्याच धावपट्टीवर उड्डाणाची धाव घेतली. 583 माणसं गेली. नीट ऐकू न आलेली दोन-चार वाक्यं आणि निघायची घाई, एवढं भांडवल पुरलं. घाई हे आपलं पाळण्यातलं नाव आहे का हो? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. तेवढ्या एका पट्टीवर सगळ्या देशाची घाई येऊन उभी.

आमचं नाते लहान गाव आहे, पण आमचा या प्रकरणाशी संबंध नाही असं समजू नका. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथे जन्मले. 1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशाचे अर्थमंत्री तेच होते. तेव्हा विचारायचा थोडा वडिलोपार्जित हक्क मला आहे.

आणि आपले थोरले बंधू, नैसर्गिक कारण, त्यांनाही आम्ही ओळखतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल गेला. दोन एसट्या भरल्या माणसांसकट गेल्या. मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती, धोका नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी पूर, फक्त पूर. काठावर आम्ही उभे होतो. तेव्हापासून कारणाला माणसाचं नाव नसलं की आमच्या पोटात ढवळतं.

16 डिसेंबर 2015. मुंबई. हैदराबादला निघालेलं विमान मागे ढकलण्याच्या वेळेला सहवैमानिकाने खुणेचा अर्थ चुकीचा घेतला, इंजिन सुरू झालं, आणि खाली उभा असलेला तंत्रज्ञ त्यात ओढला गेला. तंत्रज्ञ. ऐकताय ना? आपल्या नावातलं जे तंत्र, ते सांभाळणारा माणूस. तो काम करत होता. वर बसलेल्यांना त्या रात्री काय सांगितलं असेल हो? लाज वाटत नाही का तुम्हाला?

…नाही, तुम्हाला कशाला वाटेल. थोडा विचार केला तर तुमची दयाच येते. शिडी कोणी लावली, माणूस कोणी कमी केला, तीन विमानांची पाळी एकाच टोळीला कोणी दिली, पावसात-उन्हात बारा तास कोणी उभं केलं, हे सगळं तुमच्या खांद्यावर टाकून मंडळी मोकळी होतात. तुम्हाला पगार नाही, सुट्टी नाही, बाजू मांडायची सोय नाही. आणि आतल्या चौकशीत तुमचं नाव खोडतात. तिथे लिहितात, ‘ड्रायव्हरची चूक’. म्हणजे प्रवाशांसाठी तुम्ही आणि कंपनीसाठी तो पिवळ्या जाकिटातला पोरगा. तुम्हा दोघांत फरक एवढाच, की त्याला घर आहे आणि हप्ते आहेत.

म्हणून एकच विनंती. पुढच्या वेळी ती मुलगी माइक हातात घेईल तेव्हा जरा बाजूला व्हा आणि तिला म्हणू द्या, “पंखाला शिडी लागली, कारण या बाजूला आज माणूस नव्हता.” आम्ही बसू. मराठी माणूस खरं ऐकल्यावर साडेतीन तास निमूट बसतो; एसटीत सवय झालीय.

कळावे, लोभ असू द्यावा, पण बेताने.

आपला,
एक प्रवासी,
मु. पो. नाते, ता. महाड, जि. रायगड

ता. क. आम्हाला उतरवून बसने टर्मिनलकडे नेलं तेव्हा शिडी हलवलेली होती, गर्दी पांगलेली होती. पिवळ्या जाकिटातला तो पोरगा तिथेच उभा होता. त्याला पाणी कोणी विचारलं नव्हतं.