यादीत लिहिलंय का तसं?

अप्पांच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ निघालं, तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत खाण्यावर जेवढी चर्चा होते तेवढी पूर्वी दिवाळीतही होत नसे. धडधाकट होते तेव्हा अप्पा पानात पडेल ते मुकाट जेवत. आता दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरतात तेच मुळी ‘आज खावं तरी काय बुवा?’ असं म्हणत.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला छापील कागद त्यांच्या फ्रिजवर लावलाय. साखर, मैदा, तळलेलं, फळांचे रस, दारू बंद. ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, ताक, अख्खी फळं चालतील. कागद सरळ आहे, वाचणारा नाही. अप्पांची सगळी नोकरी रजिस्ट्रार कचेरीत गेली, त्यामुळे हा कागदही ते खरेदीखत वाचावं तसा वाचतात.

‘आमरस नाही चालायचा,’ काकू म्हणाल्या.

‘यादीत लिहिलंय का तसं? फळांचे रस नकोत, असं आहे. रस म्हणजे गाळलेला. आमरस आपण गाळतो का? घोटतो. म्हणजे फळ अख्खंच पोटात गेलं, चावायचे कष्ट तेवढे वाचले.’

कोथिंबीरवडी त्यांनी ‘वाफवलेले पदार्थ’ या सदरात घातली आहे. वाफवून झाल्यावर ती तव्यावर ‘नुसती दोन्ही बाजूंनी दाखवायची’. दाखवायचं काम ते स्वतः करतात. काकूंच्या हाताचा भरवसा नाही, म्हणून तेलही स्वतः मोजून घालतात. दोनच चमचे! चमचा म्हणून हातात वरणाची पळी असते, ही गोष्ट वेगळी. मग ओट्याशी उभ्यानेच पहिली वडी ‘शिजली का बघायला’, दुसरी ‘मीठ बघायला’ आणि तिसरी, काकू वळून बघतायत का ते बघायला.

साखर बंद झाली त्याच दिवशी गूळ घरात आला. ‘गूळ म्हणजे काही साखर नव्हे.’ यकृताला हा फरक कळत नाही, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगून झालंय. एकादशीबद्दल यादीत चकार शब्द नाही, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी बिनधास्त चालू. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, जास्त झालं की त्याचीही चरबीच होते, असं मी एकदा बोलून गेलो. ‘देवाच्या कामात लिव्हर आणू नये,’ अप्पा म्हणाले. पुढे काय बोलणार?

त्यांचं खरं दुखणं मात्र निराळं आहे. जन्मात थेंबाला शिवले नाहीत, आणि लिव्हर त्यांचंच! सोसायटीत कुजबुज नको म्हणून ते फाइल घेऊन फिरत आणि तीतलं ‘नॉन-अल्कोहोलिक’ बोट ठेवून दाखवत. चारित्र्याचा असा दाखला तहसीलदारही देत नाही. पण २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या दुखण्याचं नावच बदललं. नवं लांबलचक नाव चयापचयाच्या बिघाडावर बेतलेलं. त्यात दारूचा उल्लेख नाही, अर्थात दारू न पिण्याचाही नाही. ‘म्हणजे आमच्या निर्व्यसनीपणाची नोंदच गेली की हो!’ अप्पा चार दिवस घुश्श्यात होते.

त्यात भर कॉफीची. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांचं यकृत बरं राहतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, हे डॉक्टरांच्या तोंडून निघालं. अख्खी यादी वाकवणारे अप्पा हे एकच वाक्य अक्षरशः पाळतात. रोज सकाळी डोळे मिटून, एरंडेल घेतल्यासारखी काळी कॉफी घेतात आणि तोंडाची चव जावी म्हणून वर गोड चहा.

लग्नात तर त्यांना बघावंच. आत शिरल्या शिरल्या यजमानांना ‘माझ्यासाठी काही करू नका हं, मला काही चालत नाही’ असं बजावतात आणि मग प्रत्येक टेबलाशी थांबून चौकशी करतात. स्वतःच्या ताटलीत काकडी, टोमॅटो, वरणभात. बाकी सगळं दुसऱ्यांच्या ताटलीतून. ‘चव बघणं म्हणजे खाणं नव्हे.’ त्यांच्या शेजारी बसलेल्याला जिलबी पुरी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

वजन सात ते दहा टक्के उतरलं तर चरबीबरोबर सूजही हटते, असा डॉक्टरांचा हिशेब. अप्पा शहाऐंशी किलोंचे. म्हणजे सहा ते साडेआठ किलो. चष्मा, घड्याळ, किल्ल्या काढून काट्यावर उभं राहण्याचे सगळे प्रयोग झाले. तरी परवाच्या तपासणीत वजन पाच किलोंनी घटलेलं आणि एसजीपीटीही उतरलेलं! अप्पांनी श्रेय लगेच स्वतःकडे घेतलं. फोडणीतलं तेल कधीपासून निम्म्यावर आलंय, पोळ्यांच्या जागी भाकरी कधी आली, आमरसाची वाटी जाऊन चटणीची कधी आली, यातलं त्यांच्या ध्यानात काहीच आलेलं नाही. काकू वाद घालत नाहीत. त्यांचंही वजन तीन किलोंनी उतरलंय, ते कोणी विचारलं नाही.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनाही ग्रेड वन निघालंय. बिचारे सल्ला घ्यायला म्हणून संध्याकाळी आले, हातात कोपऱ्यावरच्या गाडीवरचा वडा. अप्पांनी तो काढूनच घेतला. ‘तळलेलं? भाऊ, अहो लिव्हर आहे तुमचं, चेष्टा नव्हे! यादीत स्पष्ट लिहिलंय.’ पुढचा अर्धा तास एकेका कलमाचं कडक विवेचन झालं. आमरस? रस म्हणजे रसच. गूळ? साखरेचाच भाऊ. साबुदाणा? नाव काढू नका. भाऊ मान खाली घालून ऐकत होते आणि अप्पा बोलता बोलता वडा संपवत होते.